जुजबंदी

ऑगस्टात शारजात खळ वाळत नाही.
मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद,
मिरजेच्या बाइंडिंगखान्यात दत्तू पेंटरांनी शिकवलेली.
तिथे एका रात्रीत पुठ्ठा खडखडीत व्हायचा.
इथे खिडकीबाहेर हवाच घामेजून उभी,
आणि एसी लावावा
तर पुठ्ठा पापडासारखा वाकतो.
म्हणून ऑगस्टात दुकानाच्या पानावर लिहिते :
वीस दिवस लागतील. थांबणार असाल तर मागवा.

समोरच्या फ्लॅटमधली हर्षदा म्हणते,
असं कुणी लिहितं का गं?

तिचं दुकान माझ्याच वर्षी उघडलं,
माझ्याच वायफायवर.
आधी रेझिनची किचेन, आत सुकलेली फुलं,
मग लोकरीच्या मधमाश्या,
मग लाडवाच्या आकाराच्या मेणबत्त्या,
मग पिस्त्याच्या रंगाचं जे काही असेल ते.
तिच्या घरात दर तीन महिन्यांनी वास बदलतो.
मी हसत नाही तिला.
तिच्या ओजसची वर्षाची फी
त्या मधमाश्यांनी भरली.
माझ्या वह्यांनी त्या महिन्यात
दोऱ्याचं एक रीळ आणि दोन किलो मैदा.

मीही धावले एकदा.
गुलाबी-सोनेरी कडा, मखमली पाठ,
प्रत्येक पानावर छापलेलं : आज कृतज्ञ राहा.
चाळीस केल्या, सात गेल्या.
उरलेल्या पलंगाखालून एकेक काढते,
दुधाचा हिशेब लिहिते.
दोन लिटर, अकरा दिरहम, कृतज्ञ राहा.

कल्ब्याचे सालेम काका
दर जानेवारीला एक वही मागवायचे.
निरोपात दोनच शब्द : नफ्स अश-शै. तशीच.
एका वर्षी ताग संपला, मी नायलॉननं शिवली.
त्यांनी फोटो पाठवला,
दोऱ्यावर नुसतं बोट ठेवलेला.
मी उसवली, पुन्हा शिवली,
कुरिअरचे पैसे माझे.
फोनवर एकदा सांगितलं त्यांना,
आमच्याकडे याला जुजबंदी म्हणतात.
जुज? ते हसले. तो तर आमचा शब्द.
असेल. कधीतरी तिकडे गेला असेल,
मी परत घेऊन आले.

यंदा जानेवारी कोरडा गेला.
मार्चमध्ये गुलशेर दारात,
बाजी, पार्सल आया है, भेजनेवाला कल्बा.
आत त्यांची पहिली वही, सहा वर्षांपूर्वीची.
खाऱ्या हवेनं फुगलेली, कोपरे झिजून गोल,
एका पानाला सुरमईचा खवला चिकटलेला.
सोबत मुलीची चिठ्ठी :
बाबा आता बोटीवर जात नाहीत.
बाकी वह्यांत मासे आहेत, हीत घर आहे,
कोण कधी जन्मलं, कुणाचं किती देणं.
पानं संपली. नवी नको म्हणतात.
हिच्यातच घालता येतील का?

पाठ उघडून बघितली.
प्रत्येक जुजाला पाच भोकं,
एकही फाटलेलं नाही.
नवी गेली असती तर ऐंशी दिरहम आले असते.
टिकलेल्या वहीचे किती घ्यायचे
हे दत्तूंनी शिकवलं नव्हतं.

हर्षदा फोन उंच धरून आत आली.
अगं, थांब, थांब, शूट करू दे,
दुरुस्ती सध्या जोरात चाललीय!

म्हटलं, ठेव तो फोन. हे टोक धर.
दोरा लांब होता, तिला दारापर्यंत मागे जावं लागलं.
ती ताणून उभी राहिली,
आणि मी मेणाचा खडा फिरवत
हळूहळू
तिच्या बोटांपर्यंत गेले.